पांढऱ्या कापडातली भेग

बार्शीटाकळीहून पिंजरच्या रस्त्याला लागलं की कृषी केंद्रांच्या ओळीत अगदी शेवटी एक टिनाचं दुकान आहे. दारात हिरव्या-निळ्या ताडपत्र्या टांगलेल्या, आत जाड सुईची एक काळी मशीन आणि मशीनमागं देवमन ताथोड. तालुक्यातल्या कितीतरी गंज्या, कितीतरी ढीग त्याच्या शिवणीखाली पावसातून वाचले आहेत. ट्रॅक्टरचं छत असो, बैलाची झूल असो की उंदरानं कुरतडलेली ताडपत्री, देवमनच्या हातून गेलं की त्यातून थेंब गळत नाही. ही आमच्याकडची साधी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट.

या देवमनला नव्या कोऱ्या कापडाला भोकं पाडायचा नाद लागला, ती गोष्ट मात्र साधी नव्हती.

त्याचं घर आमच्याच गावात. वडील चंद्रभान, पत्नी ज्योत्स्ना आणि तो. मुलगी लग्न होऊन तिवस्याला. शेत आता बटाईनं दिलेलं, पण चंद्रभानबुवांचा जीव शेतातच. त्यांचं वरचं वावर म्हणजे भारी काळी जमीन. चैत्र-वैशाखात ती अशी उलायची की माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जावा. त्या दिवसांत बुवा वावरात जात आणि भेगांत हात घालून बघत. भेग जितकी खोल, तितकं पुढचं पाणी खोल जाणार, असा त्यांचा हिशेब. देवमन लहान असताना त्यालाही ते उन्हात आडवं निजवत आणि म्हणत, "घाल हात. अजून घाल. गार लागते काय?"

वरून जमीन भाजत असायची. आत कोपरापर्यंत हात गेला की बोटांना गारवा लागायचा.

"लागते," देवमन म्हणायचा.

"मंग मेली नाई थे. जित्ती हाय," बुवा म्हणायचे आणि पुढच्या भेगेकडं जायचे.

एवढंच. बापलेकांत यापेक्षा जास्त बोलणं कधी झालं नाही. चंद्रभानबुवा कमी बोलणारे, आणि जे बोलत त्यात लाड नसे. मुलानं शेती सोडून मशीन घेतली तेव्हा त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, घरातल्या अवजारांची पूजा करताना, नांगर, वखर, डवरं, विळा असं करत करत ते उठले, ताट घेऊन मशीनपाशी गेले, आणि तिच्या चाकावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं. मशीन घरच्या अवजारांत जमा झाली. देवमनला जे कळायचं ते कळलं.

बुवांची ही रीत ठरलेली. जे घराला पोसतं, ज्यात घाम जातो, त्याला नवमीला बोट लागणार. आणि बोट वरवर लावायचं नाही. फवारणीच्या पंपाची टाकी सोडून ते आतल्या दांड्याला कुंकू लावत. मोटरीचं झाकण काढायला लावत. म्हणत, "टोपीची पूजा कायले करा लागते? काम आत होते."

आता कापडाची गोष्ट.

अमरावतीला तारा जोशी नावाच्या एक बाई चित्रकलेचे वर्ग घेतात. वडील वकील, घरात चार पिढ्यांची पुस्तकं, आणि बाई मात्र रंगात माखलेल्या. त्यांना वर्गासाठी जाड कापड ताणून दिलेल्या चौकटी हव्या होत्या. कुणीतरी देवमनचं नाव सांगितलं. तो चौकटी घेऊन गेला तेव्हा टेबलावर एक मोठं पुस्तक उघडं पडलं होतं. चित्र एकाच रंगाचं. पांढरं. त्यात माणूस नाही, झाड नाही, काही नाही. फक्त कापडात कापलेल्या लांबट खिडक्या, त्यातून मागं दिसणारं दुसरं कापड, त्यालाही खिडक्या, आणि त्यामागं तिसरं.

"हे कोनं फाडलं?" देवमननं विचारलं.

तारा मॅडम हसल्या. "फाडलं नाही, कापलंय. इटलीतल्या एका चित्रकारानं. महायुद्ध संपल्यावर तिकडच्या काही तरुणांना वाटलं, कापडावर चित्र पुष्कळ काढून झालं. आता कापडाच्या आत काय आहे ते बघू. म्हणून एकच रंग, आणि एकामागं एक कापड. बाकी जे दिसतं ती नुसती सावली."

देवमन पुस्तकावर वाकला तो वाकलेलाच राहिला. चहा आला, गार झाला.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "हे तं आमच्या वावरात हाय."

घरी आला आणि त्यानं मागच्या कोठ्यात, अवजारं ठेवतात तिथं, चौकटी ठोकायला घेतल्या. आधी कापड काळं केलं, मातीसारखं. पण काळ्यात भेग दिसेना. सावली काळ्यात बुडून जायची. मग पांढरं केलं. तीन चौकटी, एकीमागं एक, मध्ये वीतभर अंतर, बाजूही पांढऱ्या कापडानं बंद. पहिल्या कापडात मोठ्या भेगा, दुसऱ्यात जरा सरकवून त्याहून अरुंद, तिसरं कापड अखंड. कापलेल्या कडा आत दुमडून अशा शिवलेल्या की टाका दिसू नये. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उजेड आला की त्या पांढऱ्यात इतके पांढरे निघत की नाव देता येऊ नये. दुपारी ते सगळं मिटून जाई आणि उरे एक खोकं.

गावानं हे खोकं पाहिलं आणि गावाला विषय मिळाला. श्याम बोचे म्हणून आमच्याकडं मालवाहू गाडी चालवतो, तिला आम्ही छोटा हत्ती म्हणतो. त्याची जीभ गाडीपेक्षा जोरात चालते.

"देवमन भाऊ," तो चौकात सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या ताडपत्रीले उंदीर लागला तं तुह्याकडं आनतो. तुह्या कापडाले कोन्ता उंदीर लागला बे?"

"मीच," देवमन म्हणाला.

"मंग मांजर पाठवू काय?"

हशा झाला. देवमनही हसला. लोकांच्या हसण्याचं त्याला काही नव्हतं. त्याला लागत होतं ते वेगळंच. कोठ्यात खोक्यामागून खोकं उभं राहत होतं. दुकान बंद केल्यावरचा, सुटीचा, सणाचा सगळा वेळ त्यात जात होता. आणि दर नवमीला चंद्रभानबुवा ताट घेऊन कोठ्यात येत, पंपाला बोट लावत, डवऱ्याला लावत, घरीच ठेवलेल्या पहिल्या मशीनच्या चाकाला लावत, आणि कापडांसमोरून तसेच पुढं जात. थांबत नसत. एकदा ज्योत्स्नानं धीर करून म्हटलं, "मामाजी, याले राह्यलं."

"थे काम नोय," बुवा म्हणाले. "ज्याच्या हातानं गावाची भोकं बुजते, थो घरी बसून भोकं पाडते. याले म्या काय म्हनू?"

देवमन दारात उभा होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो दसऱ्याचं सोनं वाटायलाही बाहेर पडला नाही.

पुढं बुवांच्या डोळ्यांना काचबिंदूनं धरलं. अकोल्याला दाखवलं, थेंब दिले, पण उशीर झाला होता. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. ओसरीतल्या खाटेवर बसून ते पायांच्या आवाजावरून माणसं ओळखत. वावरात जाणं बंद झालं. देवमनच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, ती त्यानं फक्त ज्योत्स्नाला सांगितली: "आता बाबा पाह्यनारच नाईत. हे काम हाय का नोय, थे आता कधीच ठरनार नाई."

मागच्या पावसाळ्यात तारा मॅडमचा फोन आला. अमरावतीला विदर्भातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं, दसऱ्यानंतर लगेच. "देवमनभाऊ, तुमचं एक मोठं काम हवंय. एकरंगी कामांची वेगळी भिंत ठेवली आहे. तुमचं मधोमध."

देवमननं तीन महिने त्यात घातले. आजवरचं सगळ्यात मोठं खोकं, सगळ्यात खोल. पांढऱ्यावर पांढऱ्याचे हात देत राहिला, वाळला की घासला, पुन्हा दिला. कुठं एक डाग नाही, माशीची ठिपकी नाही. नवमीच्या आदल्या दिवशी ते पूर्ण झालं. दसऱ्यानंतर श्यामच्या गाडीतून न्यायचं ठरलं.

नवमीला देवमन झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेला होता. ज्योत्स्नानं ताट करून बुवांच्या हातात दिलं आणि त्यांना कोठ्याच्या दारापर्यंत सोडलं. चुलीवर पुरण होतं म्हणून ती आत गेली. बुवांना कोठा पाठ होता. कोणतं अवजार कुठं टेकलेलं आहे हे त्यांना डोळ्यांशिवाय ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र मध्येच नवं काहीतरी उभं होतं.

देवमन परतला, जेवला. कोठ्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी तो खोकं बांधायला ताडपत्री घेऊन गेला. पूर्वेकडून ऊन आत आलं होतं. तो थबकला. त्या कापडांतली प्रत्येक सावली त्याला माहीत होती; सकाळची सावली निळसर असते. आज एका मोठ्या भेगेतली सावली निळसर नव्हती. तिच्यात कसलीतरी ऊब होती, पिकलेल्या आंब्याच्या सालीसारखी. समोरून काही दिसत नव्हतं. तो वाकला, गाल कापडाला लागेल इतका आत वाकला, आणि त्याला दिसलं. अगदी मागं, तिसऱ्या अखंड कापडावर, हळदीचं एक बोट आणि कुंकवाची चार. जाड, शेतकऱ्याची बोटं. पहिल्या कापडावर एक कण नाही, दुसऱ्यावर नाही.

"ज्योत्स्ना!"

ती पिठाच्या हातानं धावत आली. तिनंही वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मामाजी लय वेळ बसले होते इथं," ती हळूच म्हणाली. "मी पाहाले आली तं हात आत, पार कोपरापर्यंत. मले वाटलं अडकला. म्हटलं काढू काय मामाजी? तं म्हने, नको. म्हने, ज्योत्स्ना, हे तं आपल्या वरच्या वावरातली भेग हाय. मंग म्हने, गार हाय आत."



ती चुलीकडं परत गेली. पांढऱ्या रंगाचा डबा अर्धा शिल्लक होता. लांब दांड्याचा ब्रश भेगेतून सहज आत गेला असता. दोन हात दिले की संपलं. बुवांना दिसणार नव्हतं, कळणार नव्हतं. त्यानं झाकण उघडलं, ब्रश बुडवला, आणि हात तिथंच राहिला.

त्याच्या दुकानात ट्रॅक्टर येतात, पूजा झालेले, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असलेले. छत बसवताना धूळ पुसतात, चिखल पुसतात, पण ते कुंकू कुणी पुसत नाही. ते उन्हानं, पावसानं आपोआप जातं. तोवर त्याच्या बाजूनं शिवायचं. आयुष्यभर त्यानं परक्याचं कुंकू पुसलं नव्हतं.

त्यानं ब्रश धुऊन ठेवला आणि तारा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माहं काम येनार नाई. त्याच्यात रंग पडला."

काय झालं ते त्यानं सांगितलं.

"मागचं कापड बदला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस आहेत. ते बोटांचं कापड घरी जपून ठेवा, नवं पांढरं लावा."

"लावता येते," देवमन म्हणाला. "पन बाबानं ज्याले काम म्हटलं थे घरी ठेवू आन् दुसरंच घेऊन येऊ काय?"

"मग तसंच आणा."

"एक रंग म्हून भिंत हाय तुमची. लोकाहिले एक सांगाचं आन् आत दुसरं ठेवाचं? थे नाई जमत मले."

"जागा ठेवते मी तुमची," मॅडम म्हणाल्या. "एवढंच सांगते."

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी श्यामनं येऊन हॉर्न वाजवला आणि देवमननं त्याला परत पाठवलं. हे सगळं खाटेवरच्या कानांनी ऐकलं.

"देवमन."

"हं बाबा."

"गाडी रिकामी गेली. काहून?"

"वाळलं नाई अजून."

"खोटं नको बोलू. म्या हात लावला. खनखनीत वाळलं हाय." बुवा थांबले. त्यांचे डोळे नेहमीसारखे छपराकडं लागलेले. "माह्या हातानं काई खराब झालं काय रे त्याचं?"

हा माणूस जन्मात कुणाला असं विचारणारा नव्हता.

"नाई बाबा. पूजा झाली त्याची. म्हून म्हटलं घरीच राहू दे."

"पूजा झाली म्हून घरी?" बुवांचा आवाज चढला. "नांगराची पूजा करून नांगर आढ्याले टांगते काय कोनी? पूजा होते थे वावरात जाते. कामाचं हाय म्हून तं बोट लावलं म्या! टांगाचं असतं तं हार घातला असता."

ज्योत्स्ना आतून ओरडली, "मी श्याम भाऊले फोन लावते!"

श्याम आला, तोंड वाजवतच आला. "दोनदा हत्ती बोलावते, भाडं एकाचंच. चाल बाप्पा, तुही खिडकी घे." पण खोकं गाडीत चढवताना त्यानं आपली गोधडी खाली अंथरली, आणि मूर्तिजापूरपर्यंत खड्डे टाळत इतकं हळू चालवलं की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले.

अमरावतीला तारा मॅडमनी वाकून आत पाहिलं. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. एकरंगी भिंतीवरची मधली जागा त्यांनी दुसऱ्याला दिली आणि देवमनचं खोकं खिडकीशेजारी वेगळं उभं केलं. नावाच्या पाटीवर लिहायला त्यांनी विचारलं, कशात केलंय? देवमन म्हणाला, "कापड, पांढरा रंग, हळद, कुंकू." त्यांनी तसंच लिहिलं. लोक येत, पाटी वाचत, समोर बघत, हळद-कुंकू कुठंय म्हणून शोधत. काही वाकत, बरेच पुढं जात. एका मोठ्या गृहस्थांनी स्पष्टच सांगितलं की यानं कामाची शुद्धता गेली. देवमननं मान डोलावली. त्यालाही ते पटत होतं.

संध्याकाळच्या बसनं तो गावी आला. बुवा जागे होते.

"कसं झालं?"

"लोक आले. पाह्यलं त्याहिनं."

"हात घातला काय कोनी आत?"

"नाई बाबा. तिथं हात लावू देत नाईत. पाटी असते तशी."

बुवा खाटेवर सरळ झाले. मग म्हणाले, "मंग त्याहिले समजलं कसं?"



प्रदर्शन संपलं, खोकं ताडपत्रीत गुंडाळून घरी आलं. दिवाळी झाली. कापसाची पहिली वेचणी चालू असताना, एका सकाळी चंद्रभानबुवांनी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत ते राहिले नाहीत. त्यांना वरच्या वावराच्या धुऱ्यावर, त्या बांधावरच अग्नी दिला.

तेरवीपर्यंत लोक बसायला येत होते. आमच्याकडं अशा वेळी बोलत नाहीत फार. येतात, भिंतीला टेकून बसतात, उठून जातात. ओसरीतली खाट काढल्यावर तिथं मोठी रिकामी जागा दिसायला लागली. ज्योत्स्नाला ती बघवेना. देवमननं ताडपत्री सोडली आणि खोकं त्या जागी ठेवलं, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतकं खाली.

श्याम आला. आज जीभ नव्हती त्याच्या तोंडात. खोक्याशेजारीच बसला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं बाही वर केली आणि मोठ्या भेगेतून हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं.

"लागते काय?" देवमननं विचारलं.

"काय?"

"बाबाची बोटं. तिथंच हायेत, मागच्या कापडावर."

श्याम आतल्या आत चाचपत राहिला. ओसरीतले बाकीचे त्याच्याकडं बघत होते.

"नाई लागत भाऊ," तो म्हणाला. "कापडच लागते. गार."

"हो," देवमन म्हणाला. "बाबालेही तेवढंच लागलं होतं."